बाभळीची साल आणि पायाचा वास

पायाला वास येतो म्हटले की मराठी घरात औषधांची नावे लगेच निघतात. तुरटी, मीठ, बाभळीची साल, हिरड्याची पूड, उकळलेला कोरा चहा. कोणी चुलीतली राख सुचवते, कोणी खाण्याचा सोडा. आजीबाईच्या बटव्यातली औषधे म्हणून आपण ती एकमेकांना मोकळेपणाने सांगतो. पण यांतल्या मुख्य वस्तू बटव्याइतक्याच जुन्या अशा आणखी एका ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या कामात होत्या. ते ठिकाण म्हणजे गावाच्या कडेला, ओढ्यालगत असलेल्या कातडी कमावणाऱ्यांच्या कुंड्या. ज्यांना वासाचे लोक म्हणून गावाने दूर बसवले, वास थांबवण्याची विद्या त्यांच्याच हातात होती. हा लेख त्या विद्येविषयी आहे.

मी कोल्हापूरच्या चर्मकार घरात जन्मले. आज्जा पायताणे शिवायचा, आई पट्ट्यांवरच्या वेण्या वळायची. मी रसायनशास्त्र शिकले आणि पुढे कनिष्ठ महाविद्यालयात तेच शिकवले. टॅनिन हा शब्द पुस्तकात भेटायच्या कितीतरी आधी त्याचा तपकिरी डाग मी आज्जाच्या बोटांवर पाहिला होता. त्यामुळे या विषयाची एक बाजू मला घरात मिळाली आणि दुसरी प्रयोगशाळेत.

आधी वासाकडे पाहू. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तळपायावर घर्मग्रंथी फार दाट असतात, एका चौरस सेंटिमीटरमध्ये काहीशे. त्यांतून येते ते बहुतांशी पाणी आणि मीठ. वास तयार करतात ते कातडीवर कायम वस्तीला असलेले जिवाणू. ओलीने तळपायाची वरची कातडी मऊ पडते, सुटते, आणि जिवाणू तिच्यातल्या आणि घामातल्या प्रथिनांच्या तुकड्यांवर जगतात. त्यांतले ल्युसिन नावाचे अमिनो आम्ल मोडले की आयसोव्हॅलेरिक आम्ल बनते. मोज्याचा जो ओळखीचा, नाकात बसणारा वास आहे, त्यात या आम्लाचा वाटा सर्वात मोठा. काष्ठौषधीच्या दुकानात तगरगंठोडा मिळतो. बागेतली पांढऱ्या फुलांची तगर ती ही नव्हे. ही हिमालयातली मुळी, झोपेसाठी देतात. तिची पुडी उघडून हुंगली तर हाच वास येतो, कारण आम्लही हेच. जिवाणूंना वाढायला ओल लागते, ऊब लागते आणि खायला मऊ पडलेली कातडी लागते. बंद बूट या तिन्ही गोष्टी दिवसभर पुरवतो.

आता कातडी कमावणाऱ्यापुढचा प्रश्न पाहा. जनावराचे कातडे सोलले की काही तासांत त्यावर जिवाणू चढतात. ओल आहे, ऊब आहे, प्रथिने तर भरपूर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कच्चे कातडे एक दिवस तसेच पडले तर त्याचा वास लांबून येतो आणि दुसऱ्या दिवशी ते कामातून जाते. या माणसाला जिंकायचे होते ते त्याच शत्रूला, जो तुमच्या-माझ्या तळपायावर राहतो. फरक एवढाच की आपल्याकडे तो मेलेल्या कातडीच्या पातळ पापुद्र्यावर जगतो, आणि कारागिरापुढे अख्खी म्हैस होती.

कोल्हापूर भागातली जुनी पद्धत अशी. कातडे आले की आधी मीठ. मीठ ओल ओढून घेते आणि जिवाणूंचे काम थांबवते, पण ते तात्पुरते. मग कातडे धुऊन चुन्याच्या पाण्यात. चुना केसांची मुळे सैल करतो. आठ-पंधरा दिवसांनी केस बोथट पात्याने निघून येतात, आणि आतल्या बाजूला चिकटलेले मांस खरवडून काढतात. त्यानंतर धुणे. चुन्याचा अंश राहिला तर कातडे पुढे तडकते, म्हणून पाणी पुन्हा पुन्हा बदलायचे. इथवरचे सगळे काम अतिशय घाण वासात होते. हातांना चुना लागतो, नखांच्या कडा सोलतात, पाय सतत पाण्यात.

मग साल येते. बाभळीची साल कुटायची, हिरडा फोडायचा आणि दोन्ही पाण्यात भिजत घालायचे. पाणी गडद तपकिरी होते. त्यात कातडे बुडवून ठेवायचे, रोज वरखाली करायचे. शेवटच्या टप्प्यात कातड्याच्या कडा शिवून त्याचीच पिशवी करायची, ती लाकडी चौकटीला टांगायची, आत साल आणि हिरडा भरायचा आणि वरून तेच पाणी ओतत राहायचे. पाणी कातड्याच्या अंगातून झिरपून खालच्या भांड्यात पडते, ते पुन्हा वर ओततात. काही दिवसांनी पिशवीचे तोंड बदलून ती उलटी टांगतात, म्हणजे सगळीकडे सारखे पाणी मुरते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत महिना-दीड महिना जातो. शेवटी हातात येते ते कातडे सडत नाही, आणि त्याला साल भिजत घातल्यावर येतो तसा गोडसर, मातकट वास असतो.

हे कसे होते ते कळायला हिरड्याचा तुकडा जिभेवर ठेवावा. तोंड कोरडे पडते, जीभ खरखरीत होते. हिरड्यातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना घट्ट बांधून टाकते, त्याची ती जाणीव. आपण तिला तुरट चव म्हणतो. कातड्यातल्या प्रथिनांचेही टॅनिन असेच करते. त्यांचे धागे एकमेकांना बांधले जातात, त्यांतले पाणी कमी होते आणि जिवाणूंना ते मोडता येत नाहीत. वाळलेल्या हिरड्यात टॅनिन तीसेक टक्क्यांपर्यंत भरते. बाभळीच्या सालीत त्याहून कमी, पण बाभूळ दख्खनच्या कुठल्याही बांधावर फुकट मिळायची. कोरड्या माळांवर पिवळ्या फुलांचा तरवड उगवतो, त्याची सालही याच कामाला यायची. हिरडा मात्र सह्याद्रीतून यायचा. जुन्नर, आंबेगाव, भीमाशंकरच्या डोंगरांत महादेव कोळी लोक आजही हिरडा गोळा करतात. ब्रिटिश काळात हाच माल मुंबई बंदरातून इंग्लंडच्या चामड्याच्या कारखान्यांकडे रवाना होत असे. सालीच्या विद्येला जगात मोल होते. आपल्या गावात ते काम करणाऱ्याच्या सावलीचाही विटाळ मानत होते.

या कातड्याचे काय होई? शेतकऱ्याची मोट त्याचीच. विहिरीवर इंजिने बसेपर्यंत दख्खनची बागायत कातड्याच्या मोटेवर उभी होती. आसूड, पखाल, जनावरांचे पट्टे, सगळे त्याचेच. चांभार बलुतेदार होता; मोट सांधायची, वहाणा शिवायच्या, आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. मोटेतून आलेले पाणी सगळ्या गावाच्या शेतात जायचे. त्या पाण्यावर पिकलेला ऊस कोणी विटाळलेला मानला नाही.

आणि अर्थात पायताण. कापशी, पुडा, कानवाली, असे त्याचे गावोगावचे प्रकार. तळ म्हशीच्या जाड कातड्याचा, शिवण कातड्याच्याच वादीची, खिळा कुठेही नाही. सालीत कमावलेले कातडे घाम पिते आणि हवेत सोडून देते. टॅनिन तळव्याला लागून राहते. वरून पाय सगळा उघडा. घाम आला तरी वाऱ्याने वाळतो. आमच्या घरी येणारी शेतकरी माणसे उन्हातान्हात दिवसभर चालून यायची. त्यांच्या पायांना मातीचा वास असायचा, शेणाचा असायचा, पण मोज्याचा तो वास मला त्या पिढीच्या पायांना कधी आला नाही.

त्या जोडीला घराची रीत. चपला उंबऱ्याबाहेर, आणि आत येण्याआधी पाय धुणे. पाहुण्याला बसायला सांगण्याच्या आधी पाय धुवायला पाण्याचा तांब्या पुढे करायचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात रोजच्या वागणुकीचे नियम आहेत. त्यांत पाय वारंवार धुणे, पायांना तेल लावणे आणि पादत्राण घालणे, तिन्ही सांगितले आहे. मुंबईत पायधुणी नावाचा भागच आहे. खाडीची दलदल तुडवून आलेली माणसे तिथे पाय धूत, अशी त्याची कहाणी सांगतात. एकंदरीत, जोवर पाय उघडा होता आणि दारात पाणी होते, तोवर पायाच्या वासावर वेगळ्या औषधाची गरज फार थोड्यांना पडत असेल.

मग पाय बंद कधी झाला? त्याची एक तारीख सांगायची तर मी १८५४ सांगेन. त्या साली गव्हर्नर-जनरलच्या सरकारने ठराव करून, युरोपीय पद्धतीचे बूट आणि मोजे घालणाऱ्या हिंदी गृहस्थांना सरकारी प्रसंगी ते पायात ठेवायची मुभा दिली. देशी जोडा घातलेल्याने मात्र तो काढूनच आत जायचे. मुंबई इलाख्यातल्या सुरतेच्या न्यायालयात १८६२ साली माणकजी कावसजी एंटी नावाच्या असेसरने, म्हणजे न्यायाधीशाच्या मदतनिसाने, जोडे काढायला नकार दिला, आणि त्यावरून मोठा वाद झाला. स्वाभिमानाचा प्रश्न होता आणि एंटींनी तो धीटपणे मांडला. पण या नियमाचा पायांवर झालेला परिणाम वेगळाच होता. साहेबासमोर उभे राहायचे, अनवाणी व्हायचे नाही, तर बूट आणि मोजे घाला. कचेरीतला कारकून, वकील, मास्तर, हळूहळू सगळे त्या बुटात शिरले. देशी जोडा दिवसातून अनेकदा पायातून निघायचा. बूट सकाळी चढला की संध्याकाळीच उतरू लागला, तोही मुंबईच्या दमट हवेत.

फौजेचेही तसेच. कंपनीच्या सुरुवातीच्या काळातले शिपाई पायात उघड्या चपला घालत. पुढे जड बूट आले. १८५७ नंतर कानपूरला सरकारी खोगीर कारखाना आणि मग फौजी बूट करणारे खासगी कारखाने उभे राहिले. तिथले कातडी कमावण्याचे कामही मुख्यतः बाभळीच्या सालीवरच चाले. सालीसाठीही कानपूरची जागा सोयीची होती. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, तेव्हा सातारा-कोल्हापूरकडची शेतकऱ्यांची पोरे महिनोन्‌महिने बूट आणि पट्ट्यांत होती. युरोपच्या खंदकांत पाय ओले राहून सडायला लागल्यावर सैन्यांनी पायांची रोजची तपासणी, मोजे बदलणे, तेल चोळणे हे शिस्तीचे भाग केले. पाय कोरडा ठेवा, हा फौजेने रक्त सांडून घेतलेला धडा आहे.

आमच्या पिढीपर्यंत बूट शाळेत पोचला होता. बाटा कंपनीने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्याजवळ कोन्नगरला काम सुरू केले, नंतर बाटानगर वसवले, आणि रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट गावागावांत गेले. कवायतीच्या दिवशी पांढरे कॅनव्हास घालायचे. डाग पडला तर त्यावर खडू घासायचा. रबर घाम पीत नाही. कॅनव्हास पितो, पण आमच्याकडच्या पावसाळ्यात तो वाळत नाही. त्यात कातड्याचे बूटही बदलले. १९०३ साली मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत हिंदुस्थानात सुरू केली. महिन्या-दीड महिन्याचे काम दिवस-दोन दिवसांवर आले. कातडे मऊ, टिकाऊ आणि पाण्याला दाद न देणारे झाले. पण त्याच्याबरोबर सालीचे टॅनिन पायाखालून गेले. त्यावर रेक्झिनचे अस्तर, खाली प्लास्टिकचा तळ, आणि पायात नायलॉनचे मोजे. वासाला हवे ते सगळे जमले, आणि घरगुती उपायांची गरज खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाली.

माझ्या आज्जीकडे शेजारपाजारच्या बाया पोरांचे बूट घेऊन यायच्या. ज्यांच्या घरी आम्हाला पाणी वरून ओतून मिळायचे, त्याही यायच्या. आज्जी ढोर गल्लीतून, म्हणजे कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीतून, बाभळीची कुटलेली साल आणून ठेवायची. मूठभर साल दोन तांबे पाण्यात घालून निम्मे होईपर्यंत उकळायची. भांडे लोखंडी वापरायचे नाही, हे ती प्रत्येकीला बजावायची, कारण लोखंडाला लागून हे पाणी काळे पडते. त्यामागे रसायनशास्त्र आहे: टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस मिळून जुनी शाई होई, आणि कारागीर कातडे काळे करत तेही याच क्रियेने. गाळलेले पाणी कोमट झाले की त्यात रोज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे पाय बुडवायचे, मग पुसून कोरडे करायचे. आठवडाभर केले की फरक पडायचा. तळवे थोडे पिवळट दिसत, ते नंतर जाई.

आज साल मिळत नसेल तर चहा चालतो, कारण चहाही तुरटच आहे. दोन-तीन चमचे पूड अर्धा लिटर पाण्यात पंधरा मिनिटे उकळावी, गाळून त्यात दोन लिटर साधे पाणी घालावे आणि पाय बुडवावेत. दूध-साखर अर्थातच नको. टॅनिन कातडीचा वरचा थर आवळते, आणि पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने जिवाणूंना ते मानवत नाही. तुरटीचे काम याला जवळचे आहे. सुपारीएवढा खडा बादलीभर कोमट पाण्यात विरघळवला की पुरे. तिच्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या छिद्रांची तोंडे काही काळ आवळतात. अमेरिकेत १९०३ साली बाजारात आलेल्या घाम रोखणाऱ्या पहिल्या औषधातही ॲल्युमिनियमचाच क्षार होता. तुरटीने पांढरे, मऊ कातडे कमावण्याची पद्धतही जगात फार जुनी आहे. पुन्हा तेच: जे कातडे वाचवते ते पायालाही उपयोगी पडते.

राख आणि सोडा यांची गोष्ट वेगळी. ते घाम थांबवत नाहीत. वास देणारे आम्ल आम्लारीने मारतात. आम्लाचा क्षार बनतो आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून नाकाला कळत नाही. सोडा कॅनव्हासच्या बुटात रात्री शिंपडावा, सकाळी झटकावा. सालीत कमावलेल्या कातड्यावर मात्र सोडा किंवा राख थेट टाकू नये. आम्लारीने ते कातडे काळवंडते आणि कडक होते. आज्जी गोवरीची राख फडक्यात बांधून तिची पुरचुंडी बुटात ठेवायची, ती याच कारणाने. चुना तर पायाला कधीच लावू नये. कुंडीतली ती एक वस्तू अशी आहे की जिची जागा कुंडीतच.

पावसाळ्यात भातलावणीच्या बायांना बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्या बुरशीच्या आणि ओलीच्या. त्यांवर मेंदीचा लेप लावतात. मेंदीतले रंगद्रव्य बुरशीला आवर घालते. टाचांच्या भेगांना कोकमतेल. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवणे ही मुंबईकरांची साधी आणि अचूक युक्ती आहे, कारण कागद ओल ओढतो. एकच जोड रोज न घालता त्याला एक दिवस वाळू देणे हा मात्र सर्वांत मोठा उपाय, आणि दोन जोड नसलेल्या घराला तोच परवडत नाही. मधुमेह असेल, पायाला जखम असेल, बधिरपणा असेल, तर यांतले काहीही करण्याआधी डॉक्टरकडे जावे. तळव्याला बारीक खड्डे पडून वास येत असेल तर तो जिवाणूंचा आजार असतो आणि त्याला औषध आहे.

आज या प्रश्नावर प्रयोगशाळाही काम करतात. दिल्लीजवळच्या एका विद्यापीठातल्या दोघांनी वसतिगृहांतल्या वासाच्या बुटांचा अभ्यास केला, आणि अतिनील किरणांनी जिवाणू मारणारे बुटांचे कपाट सुचवले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा इग नोबेल पुरस्कार २०२५ साली त्यांना मिळाला. बुटांना वास आणणाऱ्या कायटोकोकस सेडेंटेरियस या जिवाणूचे नाव त्यामुळे वर्तमानपत्रांत आले. मला हे वाचून आनंद झाला. पण त्या बातमीवर बोलताना लोक हसले, तसे त्यांनी हसू नये. पायाचा वास ही लाजेची गोष्ट मानली गेल्यामुळेच ज्यांच्याजवळ तिचे उत्तर होते, त्यांना कोणी विचारले नाही.

ते उत्तर कोणाजवळ होते, ते मला नावानिशी सांगायचे आहे. कातडे कमावणारे ढोर, स्वतःला कक्कय म्हणवणारे. पादत्राणे करणारे चांभार. दोघांच्याही परंपरा बाराव्या शतकातल्या, कर्नाटकातील कल्याणच्या शरणांपर्यंत, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांपर्यंत, जातात: कक्कय्या आणि हरळय्या. हरळय्या आणि त्यांच्या पत्नीने बसवण्णांसाठी आपल्या मांडीच्या कातड्याची पायताणे केली, आणि बसवण्णांनी ती पायात न घालता मस्तकी धरली, अशी आख्यायिका आमच्या घरांत सांगतात. प्रत्यक्षात मात्र पुढची आठशे वर्षे या लोकांना पाणवठा बंद होता. अनेक गावांत वरच्या आळीतून जाताना त्यांना आपली पायताणे हातात घ्यावी लागत. ज्याने ती शिवली, त्यालाच ती घालायची मनाई होती. चुन्याने सोललेले हात घेऊन तो ओढ्याच्या खालच्या अंगाला राहिला, कारण गावाला वास नको होता.

कोल्हापुरात यात बदल झाला तो शाहू छत्रपतींच्या काळात. १९०२ साली त्यांनी मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि चामड्याच्या कारागिरीला आश्रय दिला. माझा आज्जा पाटीवर अक्षरे गिरवू शकला तो त्या आदेशामुळे. मी टॅनिनचे सूत्र फळ्यावर लिहू शकले, त्याची सुरुवातही तिथेच आहे.

कोल्हापुरी चपलेला आता भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर, तसेच कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर, या आठ जिल्ह्यांना ते मिळून मिळाले. चपलेचे नाव राखले गेले, हे चांगले झाले. पण चपलेच्या आधी कातडे आहे आणि कातड्याच्या आधी साल. सालीत कमावणाऱ्या कुंड्या एकेक करून बंद पडत आहेत. महिनाभर थांबायला कोणाला वेळ नाही, क्रोमचे कातडे स्वस्त पडते, महाराष्ट्रातल्या २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलांच्या कातड्याचा पुरवठा आटला, आणि या कामाला चिकटलेल्या अपमानामुळे शिकलेली मुले तिकडे फिरकत नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. मीही गेले नाही.

म्हणून माझी मागणी शाळा-कॉलेजांकडे आहे. अकरावीच्या मुलांना प्रथिने आणि टॅनिन शिकवताना शिक्षकाने एक हिरडा आणावा, तो मुलांच्या जिभेवर ठेवावा, आणि ही क्रिया ज्यांनी हजारो वर्षे हातांनी केली त्या समाजांची नावे फळ्यावर लिहावीत. औषधांच्या पुस्तकात बाभळीच्या सालीचा काढा लिहिताना तो कातडी कमावणाऱ्यांच्या विद्येशी एकाच मुळाचा आहे, हेही लिहावे. एवढे केले तरी या विद्येचे श्रेय तिच्या मालकांकडे परत जाईल, आणि ज्या मुलाच्या घरी अजून कुंडी आहे त्याला वर्गात मान खाली घालावी लागणार नाही.